ओट्याची जबाबदारी कोणाची, ते आधी कागदावर घ्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत मॉड्युलर किचनवर पानभर लेख आला, फोटो छान होते, ट्रॉल्या कुठल्या घ्याव्यात, चिमणी केवढी लागते, लाइट कुठे लावायचे सगळं होतं, पण ओट्याच्या दगडाबद्दल "आवडीचा रंग निवडा" एवढंच एक वाक्य. म्हणून हे पत्र लिहितेय, जरा लांबेल, जागा असेल तर पूर्ण छापा ही विनंती.

मी नाशिकमध्ये घरांच्या रिनोव्हेशनच्या साइटवर देखरेखीचं काम करते आणि अनुभवाने सांगते की किचनच्या कामात सगळ्यात जास्त भांडणं ओट्यावरून होतात. ट्रॉली अडकली तर ट्रॉलीवाला येऊन चॅनल बदलून जातो, नळ गळला तर प्लंबर येतो, पण ओट्याला चीर गेली तर यायचं कोणी? दगड एका दुकानातून आलेला, कापला दुसऱ्याने, बसवला तिसऱ्याने, आणि या सगळ्यांना बोलावणारा इंटिरियरचा ठेकेदार म्हणतो मॅडम माझं काम फक्त लाकडाचं. आमच्या ओळखीतल्या एका घरात नेमकं हेच झालं, नवीन ओटा, सिंकच्या पुढच्या कोपऱ्यातून एक चीर तिरकी निघाली आणि दोन महिन्यांत पार कडेपर्यंत आली. दुकानदार म्हणाला कापताना हिसका बसला असेल, मिस्त्री म्हणाला माल कच्चा होता, ठेकेदाराने फोन उचलणंच बंद केलं. बिल काढून बघितलं तर त्यावर फक्त "ग्रॅनाइट काम पूर्ण" आणि खाली रक्कम. दगडाचं नाव नाही, जाडी नाही, कोणी बसवला ते नाही. शेवटी त्या बाईंनी स्वतःच्या पैशाने इपॉक्सी, म्हणजे दगड चिकटवायचा घट्ट गोंद, भरून घेतलं, चीर बुजली पण रेघ दिसते ती दिसतेच.

ही चीर का जाते ते समजून घेतलं तर अर्धी भांडणं मिटतील असं मला वाटतं. सिंकसाठी दगडाच्या मधोमध चौकोन कापतात, तो कापल्यावर सिंकच्या पुढे आणि मागे जेमतेम तीन-चार इंचाची पट्टी उरते, अख्ख्या ओट्यातली सगळ्यात नाजूक जागा तीच. ग्राइंडरची चकती गोल असते त्यामुळे कोपऱ्यापर्यंत पूर्ण कापायचं म्हटलं की ती वरच्या बाजूने कोपऱ्याच्या पुढे थोडी जातेच, तिथे दगडात एक बारीक खाच पडते, आणि पुढे कधी हंडा आपटला, कधी उकळतं पाणी सिंकच्या कडेवर पडलं की चीर बरोबर त्या खाचेतून सुरू होते. चांगला कारागीर काय करतो, आधी चारही कोपऱ्यांत गोल भोक पाडतो आणि मग एका भोकापासून दुसऱ्या भोकापर्यंत सरळ कापतो, म्हणजे कोपरा गोलसर राहतो आणि ताण एका टोकावर येत नाही. शिवाय त्या पट्टीखाली आधार हवा, कडप्प्याची पट्टी असेल नाहीतर लोखंडी अँगल, पण काहीतरी हवं. याला फार खर्च येत नाही, वेळ मात्र लागतो, आणि दिवसाला दोन साइट धरणाऱ्याकडे तोच नसतो.

त्यामुळे काम द्यायच्या आधी विचारायचा पहिला प्रश्न रेटचा नाही, सिंकचा कोपरा कसा कापता हा विचारा. उत्तरावरून माणूस कळतो. आणि त्याने आधी केलेला, निदान वर्षभर वापरात असलेला एक ओटा बघायला मागा. नुकताच बसवलेला सगळ्यांचाच चकाचक दिसतो, एक पावसाळा आणि रोजचा स्वयंपाक झाला की जोड काळे पडलेत का, सिंकमागे पाणी साचतं का, पुढच्या कडेवरून पाणी ट्रॉलीच्या दारावर ओघळतं का हे सगळं दिसतं. ओट्याच्या पुढच्या कडेला खालच्या अंगाला एक बारीक खाच मारतात, पाणी तिथेच तुटून खाली पडावं म्हणून, ती बहुतेक ठिकाणी विसरतात आणि मग लोक म्हणतात ट्रॉलीचं प्लाय फुगलं, कंपनीने फसवलं.

आता दगडाबद्दल. आपल्याकडे जुन्या घरांत कडप्पा असायचा, तो आंध्रातल्या कडप्पा भागातला काळा चुनखडीचा दगड, स्वस्त आणि दणकट, पण लिंबू चिंच कोकम सांडलं आणि तसंच राहिलं की पांढुरका डाग पडतो कारण आम्ल चुनखडी खातं. संगमरवराचंही तसंच, म्हणून मकराण्याचा पांढराशुभ्र मार्बल देवघरात कितीही शोभला तरी ज्या ओट्यावर रोज टोमॅटो चिरायचेत, आमसूल भिजवायचंय तिथे तो लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. ग्रॅनाइटला हा त्रास जवळजवळ नाही, तो कडकही खूप, म्हणून तो घरोघरी पोचला. चंदेरी-सोनेरी ठिपक्यांचा ब्लॅक गॅलेक्सी आंध्रातल्या प्रकाशम जिल्ह्यातल्या चिमकुर्तीच्या खाणीतून येतो, तपकिरी टॅन ब्राउन तेलंगणात करीमनगर भागातून. दुकानदार नावं भराभर सांगतात पण बिलावर लिहीत नाहीत, ते लिहून घ्या.

दुकानात गेलात की काळ्याकुट्ट दगडाच्या एका कोपऱ्यावर नेलपॉलिश रिमूव्हर लावलेला पांढरा कापूस घासून बघा, कापूस काळा झाला तर तो रंगवलेला दगड आहे, तो रंग पुढे सहा-आठ महिन्यांत सिंकजवळ उडायला लागतो आणि खालचा राखाडी दिसतो. दुकानदाराला राग येईल, येऊ दे. दुसरं म्हणजे लादीवर पाणी ओतून पुसून टाका आणि जरा थांबा, बाकीचा दगड सुकतो पण कुठे केसाएवढी चीर असेल तर तेवढी रेघ ओली राहते, लगेच कळते. बोटाच्या पेराने ठोकून बघा, चांगला दगड टणटण वाजतो, आतून तडा असेल तर बद्द वाजतो. लादीच्या मागे जाळी चिकटवलेली असेल तर ती का लावलीय ते विचारा, बऱ्याचदा दगड नाजूक असतो म्हणूनच लावतात. आणि जाडी मोजायची ती कडेला पट्टी चिकटवून मोल्डिंग करायच्या आधी, कारण एकदा खाली दुसरी पट्टी चिकटवून गोलाई मारली की सोळा मिमीचा दगडसुद्धा दीड इंची दिसतो.

मापाचं आणि वेस्टेजचं भांडण तर ठरलेलंच. तुमचा ओटा समजा दहा फूट बाय दोन फूट, म्हणजे वीस स्क्वेअर फूट, पण बिल येतं अख्ख्या लादीचं, वर माप पुढच्या तीन किंवा सहा इंचाला राउंड करतात, मोल्डिंगचे रनिंग फुटाने वेगळे, सिंकचं कटआउट वेगळं, शेगडीचं वेगळं, नळाच्या भोकाचे वेगळे, माल तिसऱ्या मजल्यावर चढवायचे वेगळे. यातलं काहीही गैर नाही, त्यांना मेहनत पडते, लादी अख्खीच कापावी लागते हे मला मान्य आहे, पण हे सगळं आधी सांगा ना. आणि पैसे अख्ख्या लादीचे घेतले तर उरलेले तुकडेही आपले, त्यातून खिडकीची पट्टी निघते, बाथरूमचा उंबरा निघतो, देवघराचा पाट निघतो. ते तुकडे संध्याकाळी टेम्पोत चढून निघून जातात आणि घरातल्यांना कळतही नाही. ठरवतानाच "उरलेला माल घरमालकाचा" एवढं एक वाक्य लिहून घ्या.

माप नेहमी ट्रॉल्यांचा सांगाडा किंवा खालचे कडप्प्याचे उभे पाय बसल्यावरच घ्यायला लावा, आणि सिंक शेगडी नळ आधी घरात आणून ठेवा. कॅटलॉगमधला आकडा आणि हातातलं सिंक यात फरक निघतो. भिंती तर आपल्याकडे क्वचितच गुण्यात, म्हणजे बरोबर काटकोनात, असतात, मिस्त्रीला कोपऱ्यात गुण्या लावायला सांगा म्हणजे कळेल किती फट आहे, नाहीतर सरळ कापलेला दगड भिंतीला लागत नाही आणि ती बोटभर फट पांढऱ्या सिमेंटने भरून टाकतात, चार महिन्यांत ते पिवळं पडतं आणि तिथूनच झुरळं येतात.

पैशाचं म्हणाल तर सगळे कधीच आधी देऊ नका. माल साइटवर आला आणि बिलाशी जुळला की दगडाचे, बसवून झाला की मजुरीचा मोठा हिस्सा, आणि थोडी रक्कम पाणी सोडून बघेपर्यंत हातात ठेवा. पाणी सोडून बघायचं म्हणजे खरंच दोन-तीन तांबे ओट्यावर ओतायचे आणि पाणी सिंककडे जातंय की शेगडीखाली जातंय ते बघायचं. मिस्त्री तिथे हजर असताना बघायचं.

हे सगळं केल्यावरही फसवणूक झाली तर आपल्याला कायदा आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा, तो २० जुलै २०२० पासून लागू आहे, पैसे देऊन घेतलेलं बसवणुकीचं काम ही सेवाच आहे, त्यात खोट निघाली तर दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं आणि पाच लाखांपर्यंतच्या कामाला तक्रारीची फी लागत नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करून बघा. पण तिथे पहिला प्रश्न बिल आहे का हाच येतो, आणि आपण "बिल नको, जीएसटी वाचेल" म्हणून मोकळे झालेलो असतो. इतक्या पैशाचं काम चिठ्ठीवर करून घ्यायचं आणि मग न्याय मागायचा, हे जमत नाही हो. चिठ्ठीच असेल तर निदान त्यावर दगडाचं नाव, जाडी, रेट, कोण बसवणार आणि चीर गेली तर कोण बदलून देणार एवढं लिहून सही घ्या, व्हॉट्सॲपवर पाठवून "ओके" घेतलंत तरी हातात काहीतरी राहतं.

जुन्या ओट्याचं काय हाही प्रश्न मला सारखा येतो. वीस वर्षांचा ग्रॅनाइट निस्तेज झाला म्हणून तो फोडून नवा बसवायचा सल्ला सर्रास देतात, कारण त्यात सगळ्यांचाच धंदा आहे. अहो तो दगड आहे, तो संपत नाही. बऱ्याचदा वर साबणाचा आणि क्षाराच्या पाण्याचा थर असतो, तो नीट काढला की खालची चकाकी तशीच असते. खरंच ओरखडे असतील तर जागेवर पॉलिश होतं, डायमंड पॅड पाण्याने फिरवत पन्नास, शंभर, दोनशे, चारशे नंबर असं करत दीड हजार, तीन हजार नंबरपर्यंत जातात, नंबर वाढतो तसा पॅड बारीक होतो, याला वेळ लागतो आणि घरभर चिखल होतो. जो माणूस तासाभरात पॉलिश करून जातो त्याने मेण किंवा तेल चोळलेलं असतं. त्याच्यासमोरच गरम पाणी आणि भांड्याच्या साबणाने एक कोपरा घासा, चमक गेली तर पैसे देऊ नका.

रोजच्या निगेला फार काही लागत नाही. भांड्याच्या साबणाचं पातळ पाणी, मऊ फडकं, आणि लगेच कोरडं पुसणं. टॉयलेटचं ऍसिड ओट्यावर कधीही नाही, मार्बल कडप्प्यावर तर अजिबातच नाही. फिकट रंगाच्या ग्रॅनाइटवर पाण्याचा थेंब टाकून दहा मिनिटं थांबा, खालचा दगड गडद झाला तर तो पाणी पितोय, तसाच हळद आणि तेलही पिणार, त्याला सीलर, म्हणजे दगडाची बारीक छिद्रं बुजवणारं द्रव्य, लावून घ्या. दाट काळ्या दगडाला सहसा गरज नसते, तरी सगळ्यांनाच सीलरचं पॅकेज विकतात. तेलाचा जुना डाग असेल तर खायच्या सोड्याची घट्ट पेस्ट थापून वर प्लास्टिक लावून रात्रभर ठेवा, सोडा तेल ओढून घेतो, एकदा नाही गेला तर परत करा.

आणि आता जे मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते. दगड कुठे कापला जातो ते बघितलंय का कोणी? बाल्कनीत, जिन्यात, पार्किंगमध्ये, विशी-बाविशीतला मुलगा उकिडवा बसून ग्राइंडर चालवतो, पाण्याचा थेंब नाही, पांढऱ्या धुरात त्याचं तोंड दिसत नाही, नाकाला रुमाल बांधलेला. आपण काय करतो, घरात धूळ येऊ नये म्हणून दार लावून घेतो. त्या धुळीत सिलिका असते, म्हणजे वाळूत असतं तेच खनिज, त्यातले सगळ्यात बारीक कण डोळ्यांना दिसतही नाहीत, ते रुमालातून सरळ आत जातात, फुप्फुसात बसतात आणि कायमचे राहतात. त्यातून सिलिकोसिस होतो, फुप्फुस कडक होत जातं, टीबीचा धोका वाढतो, आणि गेलेलं फुप्फुस परत आणणारं औषध नाही. ग्रॅनाइटमध्ये सिलिका बरीच असते, आणि हल्ली फॅशनमध्ये असलेल्या कृत्रिम क्वार्ट्झच्या लाद्यांत तर ती नव्वद टक्क्यांच्या आसपास जाते, बाकी रेझिन, म्हणजे प्लास्टिकसारखा चिकट पदार्थ. ऑस्ट्रेलियाने याच कारणाने १ जुलै २०२४ पासून असा कृत्रिम दगड बनवायला, पुरवायला, बसवायला बंदी घातली, कारण तिथे ओटे कापणारे तरुण कामगार आजारी पडायला लागले होते. आपल्याकडे तोच दगड प्रीमियम म्हणून विकतात. तसाही त्यात रेझिन असल्यामुळे गॅसवरून उतरवलेली कढई थेट ठेवली की डाग पडतो आणि तो निघत नाही, आपल्या फोडणीच्या स्वयंपाकाला तो दगड सोयीचा नाही असं मी प्रत्येकाला सांगते.

१९४८ च्या कारखाना कायद्याने सिलिकोसिस हा कळवायलाच हवा अशा आजारांच्या यादीत घातला. पण आपली बाल्कनी म्हणजे कारखाना नाही ना, तिथे काम करणारा मुलगा कुठल्याच वहीत नाही. राजस्थानने २०१९ मध्ये सिलिकोसिसच्या रुग्णांसाठी स्वतंत्र धोरण आणलं, तपासणी होऊन आजार ठरला की तीन लाख आणि मृत्यूनंतर कुटुंबाला दोन लाख असं, कारण तिथल्या खाणींत आणि दगडाच्या कामात माणसं गेलीत. आपल्याकडे येणारे बरेच कारागीर तिथलेच, मग इथे येऊन ते धूळ खातात त्याची जबाबदारी कोणाची?

उपाय अवघड नाही. चकतीवर सतत पाण्याची धार पडत राहिली की बहुतेक धूळ तिथल्या तिथे बसते. जमेल तेवढं कटिंग दुकानाच्या यार्डातच पाण्याच्या मशीनवर करून आणावं, मापं आधी नीट घेतलेली असली की साइटवर किरकोळ कामच उरतं. जे उरेल ते पाणी मारून, पाण्याने चालणारं मशीन वापरून, कारण साध्या ग्राइंडरवर पाणी ओतलं तर शॉकचा धोका असतो. आणि रुमाल नाही, निदान एन-९५ मास्क, तोही रोजचा नवा. याचे पैसे ठेकेदार मागेल तर द्या, अख्ख्या ओट्याच्या खर्चात ते दिसणारही नाहीत.

सोसायट्यांच्या कमिटीला माझी कळकळीची विनंती आहे. रिनोव्हेशनची परवानगी देताना तुम्ही डिपॉझिट घेता, लिफ्टमधून माल नेऊ नका, दुपारी दोन ते चार ठोकाठोक नको अशा अटी घालता, त्यात "आवारात कोरडं कटिंग चालणार नाही" ही एक ओळ वाढवा. तुमच्याच जिन्यातून वर जाणारी मुलं आणि दम्याची माणसं पण ती धूळ घेतात. आमच्या भागातल्या एका सोसायटीने ही अट घातली तेव्हा ठेकेदार कुरकुरले, पण दुसऱ्याच दिवशी पाण्याचं मशीन घेऊन आले.

ठेकेदारांनाही एक सांगायचंय. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात १८ ते ६० वयाच्या आणि वर्षात ९० दिवस काम केलेल्या कामगाराची नोंदणी होते, त्या ९० दिवसांचा दाखला तुम्ही देऊ शकता. तुमची पोरं कुठल्या साइटवर किती दिवस होती हे तुमच्या डायरीत असतंच, मग दाखला द्यायला टाळाटाळ का करता? आणि घरमालकांनो, काम ठरवताना रेटच्या सोबत एवढं विचारा की तुमच्या माणसांची मंडळात नोंदणी आहे का.

संपादक महोदय, तुमच्या पुरवणीत ट्रॉल्यांवर पानभर येतं तसं एकदा दगड यार्डात जाऊन, कापणाऱ्या कारागिरांशी बोलून लिहा, त्यांच्या छातीचा एक्स-रे शेवटचा कधी काढला ते विचारा. दिवाळीच्या आधी छापलंत तर उत्तम, कारण सगळ्यात जास्त जुने ओटे तेव्हाच फोडतात आणि नवे तेव्हाच बसतात.

आपली,
एक वाचक, नाशिक